पियानोवादकाची दोन बोटे

1965 च्या वसंत ऋतूत अमेरिकेतला क्लीव्हलंड ऑर्केस्ट्रा सोव्हिएत युनियनच्या मोठ्या दौऱ्यावर निघाला. शीतयुद्धाचे दिवस होते. दौऱ्यामागे अमेरिकी सरकार होते, त्यामुळे त्याला संगीतापलीकडचेही महत्त्व होते. या वाद्यवृंदासोबत पियानो वाजवायला लिऑन फ्लायशर जाणार, हे ठरलेले होते. संचालक जॉर्ज सेल यांच्या हाताखाली फ्लायशर यांनी बेथोव्हेन आणि ब्राम्स यांच्या पियानो कॉन्चेर्टोंची, म्हणजे पियानो आणि संपूर्ण वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेल्या दीर्घ रचनांची, जी ध्वनिमुद्रणे केली होती, ती आजही नमुना म्हणून ऐकली जातात. फ्लायशर यांचे वय तेव्हा 36 होते. कलाकाराच्या आयुष्यातली ऐन बहराची वर्षे.

ऑर्केस्ट्रा गेला. फ्लायशर मागे राहिले. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका पियानोवर हात ठेवला की आपोआप आत, तळहाताकडे वळत होती. बाकीची तीन बोटे शाबूत होती. डावा हात तर पूर्ण निरोगी. पण सूक्ष्म वेगाने चालणाऱ्या त्या वादनात दोन बोटे कामातून जाणे म्हणजे सगळेच संपणे होते. या दोन बोटांना काय झाले आहे, हे कोणी नेमके सांगेपर्यंत पुढची जवळपास तीन दशके गेली.

फ्लायशर यांचा जन्म 23 जुलै 1928 चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू स्थलांतरित. वडील स्त्रियांच्या टोप्या करणारे. चार वर्षांचा असतानाच मुलगा पियानोवर बसला आणि त्याच्या हातात काहीतरी वेगळे आहे हे लवकरच शहरातल्या जाणकारांच्या लक्षात आले. त्या काळातले थोर वादक आर्टुर श्नाबेल लहान मुलांना शिकवत नसत. 'अद्भुत बालकलाकार' या प्रकाराची त्यांना चीडच होती. तेव्हा शहरातल्या एका वाद्यवृंद संचालकाच्या घरी श्नाबेल यांना जेवायला बोलावून, जेवण सुरू असताना मुलाला मागच्या बाजूने दिवाणखान्यात आणून पियानोवर बसवण्यात आले. जेवून बाहेर आलेल्या श्नाबेल यांना ऐकण्यावाचून गत्यंतर उरले नाही. त्यांनी शिकवायचे कबूल केले, पण अट घातली: जाहीर कार्यक्रम बंद.

1938 मध्ये हा मुलगा इटलीतल्या कोमो सरोवराकाठी श्नाबेल यांच्याकडे शिकू लागला. आपल्याकडे घराण्याची परंपरा जशी सांगतात, तशी ही परंपराही सांगता येते. श्नाबेल हे लेशेटित्स्की यांचे शिष्य, लेशेटित्स्की चेर्नी यांचे आणि चेर्नी थेट बेथोव्हेनचे. 1944 मध्ये, सोळाव्या वर्षी, फ्लायशर न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबत ब्राम्सचा पहिला कॉन्चेर्टो वाजवून गेले. 1952 मध्ये ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा त्यांनी जिंकली. ती जिंकणारे ते पहिले अमेरिकन. 1959 पासून बाल्टिमोरच्या पीबॉडी संस्थेत ते शिकवूही लागले. इथवरची गोष्ट सरळ, चढत्या आलेखाची आहे.

मग 1964 च्या सुमाराला उजवा हात मंद वाटू लागला. घरातल्या बागेतल्या खुर्चीने अंगठा कापून टाके पडले होते, त्यानंतर हाताला आराम न देता त्यांनी सराव वाढवला होता. हात थोडा ऐकत नाही असे वाटले, की दुरुस्तीचा एकच मार्ग त्यांना माहीत होता: आणखी सराव. दिवसाला सात-आठ तास. बोटे जितकी आत वळत, तितका ते जोर लावत. सुमारे दहा महिन्यांत ती दोन बोटे पुरती मुडपली गेली.

आपल्याकडे रियाजाच्या गोष्टी तासांत मोजल्या जातात. अमुक उस्ताद पहाटे तीनला उठायचे, तमुक पंडितांची बोटे फाटेपर्यंत थांबायची नाहीत, असे कौतुकाने सांगितले जाते. पाश्चात्त्य संगीतातही हीच भाषा आहे. कष्टाला फळ मिळते, हे बहुतेक वेळा खरेही असते. पण फ्लायशर यांच्या बाबतीत औषध म्हणून जे घेतले जात होते, त्यानेच आजार वाढत होता. हे त्यांना कोणी सांगितले नाही, कारण ते सांगण्याइतके ज्ञान तेव्हा कोणाकडे नव्हते.

या विकाराचे आजचे नाव आहे 'फोकल डिस्टोनिया'. शरीराच्या एखाद्याच भागातले स्नायू, मनात नसताना, आकसून धरले जाणे. तो एका ठरावीक कामापुरता उफाळतो, हे त्याचे विलक्षण लक्षण. पियानोवर बसले की बोट वळते; तोच हात कुलूप उघडताना, भाजी चिरताना नीट चालतो. व्हायोलिनवादकाला हा त्रास बहुधा डाव्या हातात होतो, कारण तारांवर सूक्ष्म हालचाली तो करतो. पियानो आणि गिटार वाजवणाऱ्यांना उजव्या हातात अधिक. तुतारीसारखी वाद्ये फुंकणाऱ्यांना ओठांभोवतीच्या स्नायूंत. आणि बहुतेकांना वेदना होत नाही. इथेच डॉक्टर फसत आले. सूज नाही, दुखणे नाही, एक्स-रे स्वच्छ, नस तपासली तर व्यवस्थित. मग निष्कर्ष काढला जाई की दोष मनात आहे.

या विकाराचा एक भाऊबंद आपल्या ओळखीचा आहे. लेखणी हातात घेतली की बोटे आवळली जाणे, अक्षर वेडेवाकडे होणे, म्हणजे 'रायटर्स क्रॅम्प'. सतत लिहिणाऱ्या कारकुनांच्या हाताचे दुखणे इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवले होते. एकोणिसाव्या शतकात अशा विकारांना 'व्यवसायजन्य मनोविकृती' या अर्थाचे नाव मिळाले, आणि ते नाव शंभर वर्षे चिकटून राहिले. 1982 मध्ये शीही आणि मार्सडेन या ब्रिटिश संशोधकांनी 'ब्रेन' या नियतकालिकात मांडले, की रायटर्स क्रॅम्प हा मनाचा खेळ नसून चेतासंस्थेचा विकार आहे, डिस्टोनियाचाच एक प्रकार आहे. फ्लायशर यांचा हात बिघडून तोवर सतरा-अठरा वर्षे झाली होती.

त्या वर्षांत त्यांनी काय काय केले नाही? सुया, इंजेक्शने, संमोहन, मसाज, मानसोपचार. सुगंधोपचारापासून झेन ध्यानापर्यंत सगळे करून पाहिले, असे ते पुढे स्वतःच थट्टेने सांगत. तेव्हा मात्र थट्टेची वेळ नव्हती. दुसरा संसार मोडला. दाढी वाढली, केसांची शेपटी आली, मध्यमवयीन प्राध्यापकाने एक व्हेस्पा स्कूटर विकत घेतली. आयुष्य संपवावे का, या विचारापर्यंत आपण पोहोचलो होतो, हे त्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितले. संगीतकाराचा हात गेला की फक्त उत्पन्न जात नाही. चार वर्षांच्या वयापासून 'मी कोण' या प्रश्नाचे जे एकमेव उत्तर होते, ते जाते. अशा रुग्णांवर उपचार करताना नैराश्याकडे वेगळे लक्ष द्यावे लागते, हे आज मान्य आहे. तेव्हा नैराश्य हेच मूळ कारण समजले जाई.

त्यांना सावरले ते शिकवण्याने. उजव्या हाताने वाजवून दाखवता येत नव्हते, म्हणून काय हवे ते शब्दांत सांगावे लागले, आणि त्यामुळे आपण आधीपेक्षा बरे शिक्षक झालो, असे त्यांचे म्हणणे होते. येफिम ब्रॉन्फमन, एलेन ग्रिमो, जोनाथन बिस असे आजचे नामवंत वादक त्यांच्याकडे शिकून गेले. 1967 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत वॉशिंग्टनमध्ये एक छोटा वादकसमूह उभा केला. नंतर वाद्यवृंदाचे संचालनही सुरू केले, आधी ॲनापोलिसला, मग बाल्टिमोरला.

आणि उरलेला डावा हात होताच. एका हातासाठी लिहिलेले पियानोसंगीत अस्तित्वात आहे आणि त्याचे मोठे श्रेय पहिल्या महायुद्धाला जाते. व्हिएन्नाचे वादक पॉल विट्गेनश्टाइन (तत्त्ववेत्ते लुडविग यांचे थोरले भाऊ) यांचा उजवा हात 1914 मध्ये युद्धात गेला. रशियनांच्या कैदेत असताना लाकडी खोक्यावर पियानोच्या पट्ट्या रेखून त्यांनी डाव्या हाताचा सराव केला, आणि परतल्यावर घरच्या अफाट संपत्तीतून मोठमोठ्या संगीतकारांकडून डाव्या हातासाठी रचना लिहून घेतल्या. राव्हेल, प्रोकोफिएव्ह, ब्रिटन, हिंडेमिथ. प्रोकोफिएव्ह यांची रचना त्यांना कळलीच नाही, म्हणून ती त्यांनी कधी वाजवली नाही. हिंडेमिथ यांची तर कोणाला दाखवलीही नाही. राव्हेल यांचा कॉन्चेर्टो मात्र एका हाताचे संगीत म्हणून ऐकूच येत नाही. अंगठा वरची धून गातो आणि बाकीची चार बोटे खाली साथीचा सगळा डोलारा सांभाळतात. डोळे मिटून ऐकणाऱ्याला दोन हात वाजवत आहेत असेच वाटते. फ्लायशर यांनी ही रचना जगभर वाजवली. पण एका हाताच्या संगीताचे भांडार ते केवढे असणार?

1981 मध्ये त्यांच्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली. मनगटातल्या बोगद्यात नस दबते, त्या कार्पल टनेल सिंड्रोमवरची. थोडा फरक पडल्यासारखे वाटले. पुढच्या वर्षी, सप्टेंबर 1982 मध्ये, बाल्टिमोरच्या नव्या मेयरहॉफ सभागृहाच्या उद्घाटनाला त्यांचे दोन्ही हातांनी पुनरागमन ठरले. वृत्तपत्रे, टीव्ही कॅमेरे, सगळे हजर. आधी बेथोव्हेनचा चौथा कॉन्चेर्टो वाजवायचा ठरला होता. तो झेपणार नाही असे दिसल्यावर सेझार फ्रँक यांची लहान रचना घेतली. टाळ्यांचा कडकडाट झाला. ऐकणाऱ्यांना विजय दिसला, पण बोटे बरी झालेली नाहीत हे वाजवणाऱ्याला माहीत होते. त्यानंतर ते पुन्हा डाव्या हाताकडे वळले. प्रसारमाध्यमांना चमत्काराची घाई असते आणि रुग्णाला आशेची. दोन्ही एकत्र आले की काय होते, याचे हे जुने उदाहरण आहे.

दरम्यान आणखी एका पियानोवादकाने एक मोठे काम करून ठेवले होते. गॅरी ग्राफमन, फ्लायशर यांचे जवळपास समवयस्क आणि मित्र. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्याही उजव्या हाताची तीच बोटे बिघडली. काही काळ त्यांनी ते लपवले. चुकणारे बोट टाळण्यासाठी दुसऱ्या बोटांनी सूर काढत राहिले. लपवणे साहजिक होते, हात बिघडल्याची कुजबुज झाली की आमंत्रणे थांबतात. पण 1981 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्यांच्याविषयी उघडपणे छापून आले आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या बोस्टनच्या डॉक्टरांकडे देशभरातल्या वादकांची रीघ लागली. इतके दिवस प्रत्येक जण आपण एकटेच आहोत असे समजत होता. 1983 मध्ये ॲस्पेन येथे संगीतकारांच्या आजारांवर परिषद भरली. खेळाडूंसाठी क्रीडावैद्यक असते, तसे कलाकारांसाठी वेगळे वैद्यक हवे, ही कल्पना तिथून रुजली.

पण बोट वळते का, याचे उत्तर हातात नव्हते. ते मेंदूत होते.

मेंदूच्या बाह्यस्तरात शरीराचा एक नकाशा असतो. स्पर्श ओळखणाऱ्या पट्ट्यात पायापासून चेहऱ्यापर्यंत प्रत्येक अवयवाला आपापली जागा आहे, आणि हाताच्या पाचही बोटांना शेजारी शेजारी वेगळे तुकडे. हा नकाशा जन्माला येताना कायमचा आखलेला नसतो. वापराप्रमाणे तो बदलतो. जर्मन शास्त्रज्ञ थॉमस एल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवले, की व्हायोलिनसारखी तंतुवाद्ये वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांनी व्यापलेली जागा इतरांपेक्षा मोठी असते, आणि लहानपणी शिकायला सुरुवात केलेल्यांत ती अधिक. रियाज मेंदूत शब्दशः घर करतो. ही झाली चांगली बाजू.

दुसरी बाजू 1996 मध्ये कॅलिफोर्नियात नॅन्सी बिल आणि मायकेल मर्झेनिक यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगात दिसली. माकडांना एक मूठ उघडण्या-मिटण्याची क्रिया, अगदी एकसारखी, वेगाने, रोज, कित्येक आठवडे करायला लावली. काही काळाने त्यांची त्या हातावरची हुकमत सुटली. मेंदू तपासला तेव्हा बोटांच्या जागा एकमेकींत मिसळलेल्या दिसल्या. एरवी एका बोटाच्या छोट्या भागाच्या स्पर्शाला प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशी आता कितीतरी मोठ्या भागाला, एकाहून अधिक बोटांना प्रतिसाद देत होत्या. 1998 मध्ये एल्बर्ट यांच्या गटाला डिस्टोनिया झालेल्या वादकांच्या मेंदूतही असेच काही आढळले: बोटांच्या जागांमधले अंतर कमी झालेले होते.

शेजारच्या दोन शेतांमधला बांध वाहून जावा, तसे हे आहे. बांध असेपर्यंत पाणी ज्या शेतात सोडले त्याच शेतात राहते. बांध गेला की एकीकडे सोडलेले पाणी दुसरीकडे पसरते. मेंदूने मधल्या बोटाला हुकूम द्यावा आणि तो करंगळीलाही जाऊन भिडावा. निरोगी मेंदूत एक बोट हलवताना शेजारच्या बोटांना 'तू थांब' असा निरोपही जात असतो. डिस्टोनियात हा थांबवणारा निरोप दुबळा पडतो. परिणामी बोट वाकवणारे आणि ते सरळ करणारे असे दोन्ही विरोधी स्नायू एकाच वेळी ओढ घेतात. त्यात वादकाने जोर लावला, की पाणी आणखी पसरते आणि बांध आणखी खचतो.

अनामिका आणि करंगळीच का, याचाही थोडा अंदाज बांधता येतो. या दोन बोटांच्या स्नायुबंधांची गुंतवळ अशी आहे, की ती स्वतंत्रपणे हलवणे मुळातच कठीण. टेबलावर पंजा टेकवून, मधले बोट आत दुमडून, फक्त अनामिका उचलून पाहावी, म्हणजे कळेल. आणि पियानोत सर्वांत वरची, गाणारी धून बहुतेक वेळा उजव्या हाताच्या याच दुबळ्या बोटांकडे येते.

अर्थात अतिसराव हे एकटे कारण नव्हे. तसे असते तर प्रत्येक कष्टाळू वादक या आजाराने आडवा झाला असता. व्यावसायिक वादकांपैकी साधारण शंभरात एकाला तो होतो. काहींच्या घराण्यात डिस्टोनिया आधीपासून असतो, म्हणजे आनुवंशिक कल असतो. पुरुषांत प्रमाण जास्त. हॅनोव्हरचे एकार्ट आल्टेनम्युलर हे मेंदूविकारतज्ज्ञ स्वतः बासरीवादक आहेत. त्यांच्या गटाला अशा रुग्णांत चिंता आणि कमालीची परिपूर्णतेची ओढ जास्त आढळली. ठरलेला सूर ठरलेल्या क्षणीच यावा, एका अंशानेही चूक चालणार नाही, अशी सक्ती असलेले हे संगीत आहे. सुधारून घ्यायला, क्षणभर थांबायला जागा नाही. रॉबर्ट शूमान यांनाही हाच विकार झाला असावा असे काही तज्ज्ञांना वाटते. 1830 च्या दशकाच्या आरंभी, बोटे बळकट करण्याचे यंत्र वापरण्याच्या काळात, त्यांच्या उजव्या हाताचे मधले बोट निकामी झाले आणि वादक होण्याचे स्वप्न सोडून ते पूर्णवेळ संगीतरचनेकडे वळले.

फ्लायशर यांना डिस्टोनियाचे निदान मिळाले नव्वदच्या दशकात. वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा या विकारावर एका नव्या औषधाचे प्रयोग चालू होते. नवे म्हणजे उपचार म्हणून नवे, विष म्हणून जुने. 1820 च्या सुमाराला जर्मनीत बिघडलेल्या सॉसेजमधून विषबाधा होऊन माणसे मरत. युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने (ते कवीही होते) त्याचा अभ्यास केला. सॉसेजला लॅटिनमध्ये 'बोटुलस' म्हणतात, त्यावरून या विषाचे नाव बोट्युलिनम. एक जिवाणू ते तयार करतो. चेतातंतू स्नायूला आकसण्याचा आदेश ॲसिटिलकोलिन या रसायनाच्या मार्फत देतो, आणि हे विष त्या रसायनाचे बाहेर पडणेच रोखते. अन्नातून शरीरभर गेले, तर श्वासाचे स्नायू बंद पाडून मारते. पण अत्यल्प मात्रेत एकाच हट्टी स्नायूत टोचले, तर तेवढाच स्नायू सैल पडतो. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरून पाहिले आणि 1989 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पुढे बोटॉक्स या नावाने ते चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसाठी प्रसिद्ध झाले, ही नंतरची आणि जास्त कमाईची गोष्ट.

फ्लायशर यांना ही इंजेक्शने बाहूच्या खालच्या भागात, बोटे वाकवणाऱ्या स्नायूंत दिली जात. काम जिकिरीचे असते. मात्रा कमी पडली तर बोट वळतच राहते, जास्त झाली तर पट्टी दाबण्याचे बळच जाते, आणि कोपऱ्यापासून मनगटापर्यंत दाटीवाटीने असलेल्या स्नायूंतून नेमका हवा तोच गाठावा लागतो. जोडीला रोल्फिंग नावाचा खोलवर दाबून करायचा मसाज ते घेत होते. आपल्या हाताचे स्नायू दगड झालेल्या लाकडासारखे कडक झाले होते, असे वर्णन त्यांनी केले आहे. दोहोंपैकी कशाने किती फरक पडला, हे वेगळे काढता येत नाही. 1995 मध्ये त्यांनी मोझार्टचा ए मेजर कॉन्चेर्टो दोन्ही हातांनी वाजवला. वयाची 66 वर्षे उलटली होती. 2004 मध्ये 'टू हँड्स' या नावाने त्यांचा ध्वनिमुद्रित संग्रह आला, त्यात बाख आहे, शोपँ आहे, आणि शूबर्टचा शेवटचा सोनाटा आहे. याच नावाचा लघुपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. 2007 मध्ये केनेडी सेंटरचा सन्मानही मिळाला.

आजार मात्र गेला नव्हता. इंजेक्शनचा परिणाम तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा टोचावे लागते. मेंदूतला बांध काही या औषधाने बांधला जात नाही. पाणी जिथे पोहोचते, तिथला दरवाजा तेवढा काही काळ अर्धवट लावला जातो. फ्लायशर हे कधी लपवत नसत. आपण बरे झालेलो नाही, आजाराला सांभाळून वाजवतो, एवढेच ते म्हणत. कोणती रचना घ्यायची, कोणता सूर कोणत्या बोटाने वाजवायचा, हे हाताच्या त्या दिवशीच्या लहरीवर ठरे.

आजही खात्रीचा इलाज नाही. ट्रायहेक्झिफेनिडिलसारख्या गोळ्यांनी काहींना आराम पडतो, पण तोंड कोरडे पडणे, विसराळूपणा असे त्रास असतात. बोटांना अगदी मंद गतीने, नव्याने शिकवण्याच्या पद्धती आहेत. त्यांना महिने, कधी वर्षे लागतात. एक गमतीचे निरीक्षण असे, की रबरी हातमोजा घातला की काही वादकांची बोटे काही काळ नीट चालतात. स्पर्शाची खबर बदलली की मेंदूचा गोंधळ क्षणभर निवळतो. निवडक रुग्णांत मेंदूवर शस्त्रक्रियाही होते. 2017 मध्ये बंगळुरूत एका गिटारवादकाच्या मेंदूतली छोटी जागा उष्णतेने निष्क्रिय करण्यात आली. रुग्ण जागा होता आणि बोटे सुटली की नाही हे कळावे म्हणून शस्त्रक्रिया सुरू असताना गिटार वाजवत होता.

तबला असो, हार्मोनियम असो, की नुसती लेखणी, ओळखीच्या हालचालीत एखादे बोट ऐकेनासे झाले आणि दुखत मात्र नसेल, तर आधी ती क्रिया थांबवावी. जोर लावून तेच घोटत राहणे सर्वांत वाईट. हाडांच्या किंवा नसांच्या तपासण्यांत काही सापडले नाही, म्हणून आजार नाही असे होत नाही. डॉक्टरकडे जाताना वाजवतानाचा किंवा लिहितानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ सोबत न्यावा, कारण तपासणीच्या टेबलावर हात बहुतेक वेळा अगदी शहाण्यासारखा वागतो. दाखवायचे ते मेंदूविकारतज्ज्ञाला, शक्यतो हालचालींच्या विकारांचा अनुभव असलेल्या. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत असे तज्ज्ञ आहेत आणि बोट्युलिनमची इंजेक्शनेही तिथे मिळतात.

फ्लायशर 2 ऑगस्ट 2020 रोजी बाल्टिमोरमध्ये वयाच्या 92 व्या वर्षी वारले. अखेरपर्यंत ते शिकवत होते. दोन्ही हात परत मिळाल्यानंतरही त्यांनी डाव्या हाताचे संगीत सोडले नव्हते. विट्गेनश्टाइन यांनी कोणाला न दाखवलेली हिंडेमिथ यांची रचना, 1923 मध्ये लिहिलेली, त्यांच्या पत्नीच्या मृत्यूनंतर पेनसिल्व्हेनियातल्या एका घरात सापडली. ती पहिल्यांदा वाजली डिसेंबर 2004 मध्ये, बर्लिन फिलहार्मोनिकसोबत, सायमन रॅटल यांच्या संचालनाखाली. पियानोवर फ्लायशर होते, 76 वर्षांचे, आणि वाजवत होता डावा हात.